थॅडियस स्टीव्हन्स यांना ‘सूडबुद्धीचा’ म्हणण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंतावर गेल्या पंधरवड्यात जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि लिंकन यांच्याविषयी त्यात जे म्हटले आहे, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल. लिंकन यांच्या हत्येनंतर दक्षिणेतील पराभूत राज्यांना कसे वागवावे यावरून जो वाद झाला, त्याचे वर्णन करताना लेखकाने पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स यांना ‘सूडबुद्धीने पेटलेला एक म्हातारा वकील’ एवढ्या शब्दांत निकालात काढले आहे. मुंबईच्या न्यायालयांत ३४ वर्षे वकिली करून निवृत्त झालेल्या आणि या गृहस्थांविषयी मिळेल ते वाचत आलेल्या माझ्यासारख्याला ते वाक्य फार लागले, म्हणून हे पत्र.

हे विशेषण कुठून आले, ते आधी सांगितले पाहिजे. स्टीव्हन्स १८६८ मध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांच्या आत दक्षिणेतील राज्यांची सत्ता जुन्या मंडळींच्या हाती परत गेली, त्यानंतरच्या दशकांत काळ्या नागरिकांचा मताधिकार एकेका राज्यात निरनिराळ्या युक्त्यांनी काढून घेण्यात आला आणि पुढे बराच काळ त्या पर्वाचा इतिहास अमेरिकेच्या विद्यापीठांत शिकवला गेला तो काढून घेणाऱ्यांच्या बाजूने. त्या इतिहासाला एक खलपुरुष हवा होता. १९१५ साली आलेल्या एका अतिशय गाजलेल्या मूकपटात स्टीव्हन्स यांच्यावर बेतलेले एक पात्रच दाखवले आहे. तो लंगडतो, केसांचा टोप घालतो आणि देशाचा सत्यानाश करू पाहतो. अमेरिकेतील अभ्यासकांनी हे चित्र गेल्या काही दशकांत पार बदलून टाकले आहे. आपल्याकडे मात्र जुनेच चित्र अजून फिरते आहे.

पाय त्यांचा खरोखरच अधू होता. ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल या खेड्यात त्यांचा जन्म झाला, तेव्हाच एक पाऊल वाकडे होते. थोरल्या भावाची तर दोन्ही पावले तशी होती. वडील शेती करीत आणि जोडे शिवीत; मुले लहान असतानाच ते घर सोडून गेले. चार मुलगे पदरात असलेली आई, सॅरा, मुलांच्या शिक्षणासाठी पीचम या गावी राहायला गेली, कारण तिथे चांगली शाळा होती. हा पाय अधू असलेला मुलगा शेतात उभा राहू शकणार नाही, त्याने शिकलेच पाहिजे, हे त्या माउलीने ओळखले. १८१४ मध्ये ते डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे पैसा मिळू लागल्यावर त्यांनी आईला २५० एकरांची शेती आणि १४ गाई घेऊन दिल्या आणि आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद तोच, असे ते म्हणत असत.

वकिलीची सनद त्यांना सरळ मिळाली नाही. पेनसिल्व्हेनियात यॉर्क येथे शाळेत शिकवता शिकवता ते कायद्याचा अभ्यास करीत होते, पण दुसरा व्यवसाय करीत शिकलेल्यास प्रवेश द्यायचा नाही असा नियम तिथल्या वकीलमंडळींनी केला होता. तेव्हा ते सीमा ओलांडून मेरीलँडमध्ये गेले, बेल एअर या गावी परीक्षा दिली आणि १८१६ मध्ये गेटिसबर्गला येऊन कचेरी थाटली. काही वर्षांतच त्या जिल्ह्यातील मोठी प्रकरणे त्यांच्याकडे येऊ लागली.

आणि इथे मला त्यांच्या आयुष्यातील ते प्रकरण सांगायचे आहे, जे त्यांचे चाहते सहसा सांगत नाहीत. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर नावाच्या एका गुलाम स्त्रीचा दावा पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला की मुक्त होत असे. चॅरिटी मेरीलँडच्या मालकाची. पण तिचा मुक्काम वेळोवेळी पेनसिल्व्हेनियात झालेला होता आणि ते सगळे दिवस एकत्र मोजले तर मुदत भरते, म्हणून आपण आणि आपली दोन मुले स्वतंत्र आहोत, असे तिचे म्हणणे होते. मालकाचे वकील होते थॅडियस स्टीव्हन्स. त्यांनी युक्तिवाद केला की कायद्यातील सहा महिने म्हणजे सलग सहा महिने. तुकड्यातुकड्यांचे दिवस जोडता येणार नाहीत. न्यायालयाने तो मान्य केला. दावा ते जिंकले आणि चॅरिटी व तिची मुले गुलामीत परत गेली.

ज्याने वकिली केली आहे, त्याला हा युक्तिवाद वाचताना घाम फुटावा. कारण तो युक्तिवाद म्हणून चांगला आहे. मुदतीचा अर्थ लावण्याची अशी शेकडो प्रकरणे मीही चालवली; भाडेकरूचे महिने मोजले, नोटिशीचे दिवस मोजले आणि अशिलाच्या बाजूने आकडा बसला की घरी येऊन शांत झोपलो. स्टीव्हन्स यांना त्या निकालानंतर झोप आली की नाही, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. पण त्यानंतर दोन वर्षांनी, १८२३ च्या ४ जुलैच्या मेजवानीत त्यांनी जाहीरपणे इच्छा व्यक्त केली, की पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असावा ज्याने कधी कुणा गुलामाच्या पायांत बेडी ठोकलेली नाही. आणि त्या दाव्यानंतरच्या ४७ वर्षांत त्यांनी जे काही केले, ते त्याच्या नेमके उलट दिशेचे आहे. पळून आलेल्या गुलामांची प्रकरणे ते पुढे चालवीत राहिले, पण गुलामांच्या बाजूने.

१८३३ मध्ये ते पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात निवडून गेले. आपल्या महाराष्ट्रात ज्यांना शिक्षणाच्या इतिहासात रस आहे, त्यांनी त्यांचे ११ एप्रिल १८३५ चे भाषण मुळातून वाचावे असे आहे. आदल्या वर्षी राज्याने सर्व मुलांसाठी मोफत शाळांचा कायदा केला होता आणि त्यासाठी कर बसवला होता. करावरून गावोगाव रोष उसळला, रद्द करा म्हणून अर्जांचा पाऊस पडला आणि वरिष्ठ सभागृहाने तर कायदा मोडीत काढण्याच्या बाजूने मतही दिले. खुद्द स्टीव्हन्स यांच्या मतदारसंघाचा कल रद्द करण्याकडेच होता. त्याआधीच्या पद्धतीत गरीब मुलाला फुकट शिकवायचे, पण त्याच्या बापाने आपण कंगाल आहोत असे आधी नोंदवायचे, अशी अट होती. त्या जुन्या कायद्याला ‘गरिबांना डाग देऊन श्रीमंतांपासून वेगळे ओळखता यावे यासाठीचा कायदा’ असे नाव द्यायला हवे, असे स्टीव्हन्स म्हणाले. माझ्या मुलांना शाळेत जायचे नाही, मग मी कर का देऊ, असे विचारणाऱ्यांना त्यांनी विचारले, की तुरुंगात तुम्हाला जायचे नाही, तरी तुरुंगासाठी कर देता. मग माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून लागणारा कर तेवढा का टोचतो? त्या दिवशी सभागृहाचे मत फिरले आणि शाळा वाचल्या.

हे वाचताना मराठी वाचकाला महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन आठवल्याशिवाय राहणार नाही. शेतकऱ्याच्या घामातून सारा गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, ही जोतीरावांची तक्रार होती. दोघांची भेट नाही, पत्रव्यवहार नाही. पण १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक फुले यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवल्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण सर्व जाणतो. स्टीव्हन्स यांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. त्या अर्पणपत्रिकेत नावे नाहीत. पण पुण्यात बसून ज्यांना उद्देशून ते शब्द लिहिले गेले, त्या लोकांत हा पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरचा वकील पहिल्या रांगेत बसतो, असे मी खात्रीने म्हणेन.

१८३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार करण्यासाठी परिषद भरली, तिचे ते सदस्य होते. मताधिकार फक्त गोऱ्या पुरुषांना, अशी तरतूद त्या मसुद्यात घातली गेली, म्हणून स्टीव्हन्स यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. १८४२ मध्ये ते लँकेस्टरला आले आणि अखेरपर्यंत तिथलेच राहिले.

त्यांच्या वकिलीतील ख्रिस्तियानाच्या खटल्याविषयी स्वतंत्र लेख व्हावा, म्हणून इथे थोडक्यातच सांगतो. ११ सप्टेंबर १८५१ रोजी मेरीलँडचा एक जमीनदार, एडवर्ड गॉर्सच, पळालेले गुलाम धरून नेण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यासह लँकेस्टर जिल्ह्यातील ख्रिस्तियाना या गावी आला. तिथल्या काळ्या रहिवाशांनी प्रतिकार केला आणि झटापटीत गॉर्सच मारला गेला. सरकारने ३८ जणांवर देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला आरोपी होता कास्नर हॅनवे नावाचा एक गोरा गिरणीवाला. त्याचा गुन्हा एवढाच, की गुलाम पकडायला मदत कर असे अधिकाऱ्याने सांगितले आणि त्याने ती केली नाही. खटला चालला फिलाडेल्फियात, ज्या इमारतीत स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच इमारतीत. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. ज्यूरीने १५ मिनिटांत ‘निर्दोष’ म्हणून निर्णय दिला आणि बाकीच्यांवरचे देशद्रोहाचे आरोप त्यानंतर टिकलेच नाहीत.

राष्ट्रीय प्रतिनिधिगृहात ते १८४९ ते १८५३ आणि पुन्हा १८५९ पासून मृत्यूपर्यंत होते. यादवी युद्धाच्या काळात अर्थविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून युद्धाला पैसा पुरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती; १८६२ मध्ये सोन्याचा आधार नसलेल्या कागदी नोटा कायदेशीर चलन झाल्या, त्यामागेही ते होते. जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने गेटिसबर्गजवळचा त्यांचा लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला. लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा केवळ बंडखोर प्रदेशांना लागू होता. गुलामगिरी देशभर कायमची संपवणारी १३ वी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली आणि त्यासाठी मते जमवणाऱ्यांत स्टीव्हन्स अग्रभागी होते.

या युद्धाशी आपल्या मुंबईचाही संबंध आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कुलाब्याला कापसाच्या गाठींचे ढीग लागले, बँका आणि समुद्र हटवणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या, शेअरबाजाराला वेड लागले. १८६५ च्या वसंतात तिकडे युद्ध संपले आणि इकडे सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर उच्च न्यायालयाच्या शेजारीच आहे. कोर्टातून बाहेर पडताना मी तो वर्षानुवर्षे पाहत आलो. आमच्या या शहरात त्या चार वर्षांत लोक अमेरिकेच्या बातमीची वाट पाहत होते ती कापसाच्या भावासाठी. तो कापूस तिकडे वेचणाऱ्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्या वेळी जगात फार थोड्यांना पडला होता. स्टीव्हन्स त्या थोड्यांतले.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्या मागणीमुळे त्यांना ‘सूडबुद्धीचे’ म्हटले गेले, ती मागणी जमिनीची होती.

६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टरच्या सभेत त्यांनी ती हिशेबासह मांडली. बंड केलेल्या राज्यांत एकूण ४६ कोटी ५० लाख एकर जमीन आहे, असे त्यांनी सांगितले. त्यापैकी प्रत्येकी २०० एकरांहून अधिक जमीन असलेले सुमारे ७०,००० लोक आहेत आणि त्यांच्या व त्या राज्यांच्या मिळून ताब्यात ३९ कोटी ४० लाख एकर आहेत. एवढीच जमीन सरकारने जप्त करावी. मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत. असे १० लाख पुरुष धरले तर ४ कोटी एकर लागतात. उरलेले ३५ कोटी ४० लाख एकर विकून युद्धाचे कर्ज फेडावे आणि जायबंदी सैनिकांना निवृत्तिवेतन द्यावे. दक्षिणेच्या दहा लोकांपैकी नऊ जणांना या जप्तीचा धक्काही लागणार नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. माझा आपल्या लेखकांना प्रश्न आहे: दहांपैकी नऊ जणांना ज्यातून वगळले आहे आणि जे एकराएकराने मांडून दाखवले आहे, त्याला सूड म्हणतात का? त्यांची जीभ तिखट होती, विरोधकाला ते भर सभागृहात सोलून काढीत, दक्षिणेचे जुने समाजबंध मुळापासून उखडले पाहिजेत असे ते उघड म्हणत, हे सर्व खरे आहे. पण जमिनीच्या मागणीमागचे कारण त्या वर्षाच्या घटनांत आहे.

त्याच वर्षी जनरल शर्मन यांच्या १६ जानेवारीच्या आदेशाने साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर सुमारे ४०,००० मुक्त गुलाम जमिनी कसू लागले होते. लिंकन यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी दिली आणि त्या जमिनीही परत देऊ केल्या. पीक उभे असलेल्या शेतांतून लोकांना उठवण्यात आले. मिसिसिपीने १८६५ च्या अखेरीस कायदा केला, की काळ्या माणसाला शहराच्या हद्दीबाहेर शेतजमीन भाड्यानेसुद्धा घेता येणार नाही. शिवाय दरवर्षी जानेवारीत त्याच्याजवळ मालकाशी केलेल्या कराराचा लेखी पुरावा असला पाहिजे; नसल्यास तो भटका ठरणार, दंड होणार आणि दंड भरता आला नाही तर जो दंड भरील त्याच्याकडे त्याला मजुरीला जुंपणार. गुलामगिरी कायद्याने संपून वर्षही झाले नव्हते.

हे मी एवढ्या तपशिलाने लिहितो आहे, कारण यातले अर्धे माझ्या घरात घडलेले आहे. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात खोताचे कूळ होते. भाताची मळणी झाली की खोताचा माणूस खळ्यावर येऊन बसे आणि त्याच्यासमोर पायलीने माप होई, अर्धेल खोताची. शिवाय खोताच्या घरचे काम निघाले की वेठीला जायचे, ते वेगळे. आजोबांना मत मिळाले ते १९५२ च्या निवडणुकीत. पण खोताच्या ओटीवर ते त्यानंतरही बसले नाहीत. अंगणात उभे राहिले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, १९४८ च्या कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, म्हणजे कुळाने कसत असलेली जमीन विकत घेतली असे मानण्याचा दिवस, ठरला, तरी प्रत्यक्ष कलम ३२ ग खाली किंमत ठरून, हप्ते फेडून ३२ म चे प्रमाणपत्र हाती यायला आणखी काही वर्षे गेली. लालबागच्या आमच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. गिरणीत कामाला असलेल्या माझ्या वडिलांनी तिच्यात सातबाराचे दोन उतारे जपून ठेवले होते. जुन्या उताऱ्यावर आजोबांचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात आहे, कूळ म्हणून. नव्या उताऱ्यावर ते कब्जेदाराच्या रकान्यात आहे. कागदावर चार बोटांचे अंतर. ते नाव त्या रकान्यात आले त्या वर्षी आजोबा खोताच्या घरी लग्नाला गेले आणि पंक्तीला बसून जेवून आले, असे वडील सांगत.

बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा या शहरातून विधिमंडळावर गेला. त्या मोर्चात माझ्या आजोबांच्या गावची माणसे होती. मोर्चाचे नेतृत्व करणारा वकीलच होता, आणि त्याचेही म्हणणे हेच, की ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याची, त्याचे स्वातंत्र्यही दुसऱ्याच्या मर्जीवर असते. त्यांना कुणी सूडबुद्धीचे म्हटले असते तर आपण ते छापले असते का?

अमेरिकेत ती जमीन कधीच मिळाली नाही. मार्च १८६७ मध्ये स्टीव्हन्स यांनी ४० एकरांचे विधेयक पुन्हा आणले, तेव्हा ते इतके आजारी होते की भाषण अर्ध्यावर सोडून दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. त्यांच्या स्वतःच्या पक्षातील बहुसंख्यांनाही ते नको होते. खाजगी मालमत्तेला एकदा हात लावला तर ते उत्तरेतही सुरू होईल, ही त्यांची भीती. पुढे दक्षिणेतील काळे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या अर्धेलीनेच जमिनी कसत राहिले, दुकानदाराच्या वहीतले कर्ज फेडत राहिले आणि मत द्यायला निघाले की जमिनीवरून उठवले जाऊ लागले. स्टीव्हन्स यांनी दिलेला इशारा असा खरा ठरला.

१४ व्या घटनादुरुस्तीबद्दल लेखात काहीच नाही, म्हणून तेही सांगितले पाहिजे. तिच्या पहिल्या कलमाचा मसुदा मुख्यतः ओहायोचे जॉन बिंगहॅम यांचा, पण ज्या संयुक्त समितीतून ती दुरुस्ती आली तिच्यात प्रतिनिधिगृहाच्या बाजूचे नेते स्टीव्हन्स होते आणि सभागृहात ती त्यांनीच मांडली. कायद्याचे समान संरक्षण कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, हे शब्द त्यात आहेत. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये ‘कायद्याचे समान संरक्षण’ आले आहे ते त्याच शब्दांच्या परंपरेतून. पण स्टीव्हन्स स्वतः त्या मसुद्यावर समाधानी नव्हते, कारण काळ्या पुरुषांना मताधिकार देणे राज्यांवर त्यात थेट बंधनकारक नव्हते. १३ जून १८६६ रोजी अंतिम मतदानाआधी ते बोलायला उभे राहिले. तारुण्यापासून आपण एक स्वप्न पाहत आलो, ते म्हणाले, की कधीतरी संधी येईल आणि आपल्या संस्था माणसामाणसांतल्या भेदातून मुक्त होतील. ते स्वप्न विरले आहे आणि जुन्या इमारतीचे सर्वांत खराब भाग तेवढे डागडुजी करून घेण्यावर समाधान मानावे लागत आहे. मग असा अपुरा मसुदा तुम्ही का स्वीकारता? याचे त्यांनीच दिलेले उत्तर होते, की मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही.

ज्याच्या डोक्यात सूड असतो, तो अशी तडजोड करीत नाही. तो अडून बसतो. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपले स्वप्न मोडल्याचे भर सभागृहात कबूल करून जे मिळते ते पदरात पाडून घेणारा हा माणूस मला तरी आमच्या घटनासमितीच्या शेवटच्या दिवसांची आठवण करून देतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनीही बजावले होते, की राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण प्रवेश करीत आहोत.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावरील महाभियोगाबद्दल लेखात पुरेसे आले आहे. तो सिनेटमध्ये एका मताने फसला, मे १८६८ मध्ये. त्या वेळी स्टीव्हन्स यांना चालता येत नव्हते आणि खुर्चीत बसवून त्यांना सभागृहात उचलून नेत असत. ९ जुलै रोजी १४ वी घटनादुरुस्ती पुरेशा राज्यांनी संमत केली आणि ११ ऑगस्टच्या मध्यरात्री वॉशिंग्टनमध्ये ते वारले. वीसेक वर्षे त्यांचे घर सांभाळणाऱ्या लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवंशीय बाई त्यांच्या उशाशी होत्या. संसदेच्या घुमटाखाली त्यांचा देह दर्शनासाठी ठेवला होता, तेव्हा पहाऱ्यावर काळे सैनिक होते. लँकेस्टरच्या अंत्ययात्रेला सुमारे २०,००० माणसे लोटली; त्यांतली निम्मी काळी होती.

माझ्या भाचीने गेल्या वर्षी लँकेस्टरहून त्यांच्या थडग्याचे छायाचित्र पाठवले. श्राइनर यांची दफनभूमी. लहानशी जागा, गवत, आणि दगडावर त्यांनीच लिहून ठेवलेला मजकूर. त्याचा अर्थ असा: ‘मी या शांत, एकाकी जागी विसावलो आहे, तो एकांताची आवड आहे म्हणून नव्हे, इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आहे असे आढळल्यामुळे मी ही जागा निवडली, की दीर्घ आयुष्यभर ज्या तत्त्वांचा पुरस्कार केला त्यांचे उदाहरण मृत्यूतही देता यावे: निर्मात्यापुढे माणसांची समता.’ मृत्युपत्रात त्यांनी अनाथांच्या आश्रमासाठी पैसा ठेवला, त्यात वर्णाचा भेद करायचा नाही अशी अट घातली. आणि पीचमच्या दफनभूमीसाठीही काही रक्कम ठेवली, का, तर आईच्या थडग्याच्या चारही कोपऱ्यांवर दर वसंतात गुलाब आणि इतर प्रसन्न फुले लावली जावीत म्हणून.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. पुरवणीच्या पुढील अंकात त्या वाक्याविषयी खुलासा द्यावा. आणि गुलामगिरीच्या अंतावर पुन्हा कधी लेख आलाच, तर जमिनीच्या मागणीला त्यात दोन परिच्छेद तरी मिळावेत. पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर माझ्या घरची हकीकत खुशाल काढावी, कापसाचा भाग काढावा. चॅरिटी बटलर हिचा परिच्छेद मात्र काढू नये. तो गेला, तर बाकीच्या पत्राखाली माझी सही राहता कामा नये.

आपला,
एक निवृत्त वकील,
लालबाग, मुंबई